शिष्यवृत्तीबरोबर छप्परही हवे

खरिपाचे सोयाबीन निघाले की वाशीम जिल्ह्यातील शेतमजुरांच्या हाताला पुरेसे काम उरत नाही. दिवाळी आटोपते न आटोपते तोच कित्येक भूमिहीन कुटुंबे घराला कुलूप लावून परमुलखी मजुरीला निघतात. शाळेचे वर्ष मात्र उन्हाळ्यापर्यंत चालते. आईबापांबरोबर मूल गेले तर त्याचे वर्ष बुडते. मागे ठेवावे तर त्याला भाकरी कोण घालणार? मुलगी असली तर प्रश्नच पडत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिची शाळा आधी सुटते. फी माफ आहे, पुस्तके मोफत आहेत, एवढ्याने ही अडचण दूर होत नाही.

गरीब मुलाच्या शिक्षणाचा भार दुसऱ्याने उचलावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडले. त्या दातृत्वाचे मोल मोठे आहे. तथापि कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी १९१७ मध्ये तेच आंबेडकर बडोद्यास परतले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले. विद्या होती, पदवी होती, राजाश्रयही होता. नव्हते ते डोक्यावरचे छप्पर.

बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले, याचा अर्थ या अनुभवाच्या प्रकाशात अधिक उमगतो. एका हुशार मुलाला मदत करणे वेगळे आणि दरवर्षी नवी मुले येऊन राहू शकतील असे घर उभारणे वेगळे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजाने हाच वारसा पुढे चालविला. परदेशातूनही हात पुढे आले. १९८० मध्ये ब्रिटनमधील बौद्धांनी 'एड फॉर इंडिया' या नावाने निधी उभारण्यास आरंभ केला. दारोदार फिरून नियमित वर्गणी मिळविणारी ही संस्था पुढे 'करुणा ट्रस्ट' झाली. महाराष्ट्रातील वसतिगृहांना तिचे साहाय्य लाभले. सातासमुद्रापलीकडचा सामान्य माणूस जर दरमहा काही देऊ शकतो, तर येथील नोकरदारांनी मागे का राहावे?

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवासी शाळा आहेत, वसतिगृहे आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनाही आहे. परंतु ती दहावीनंतरची. आणि अशी योजना काढावी लागली, यातच जागा अपुऱ्या असल्याची कबुली आहे. गळती तर त्याआधीच लागते. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, ही गोष्ट शासनानेही विसरू नये. खाजगी दान हे सरकारी जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही.

दान देण्याच्या रीतीचाही विचार व्हावयास हवा. एक मूल निवडायचे, त्याचे छायाचित्र मागवायचे आणि वर्षाकाठी आभाराचे पत्र लिहवून घ्यायचे, या प्रथेत दात्याचे समाधान होते. पण मुलाच्या मनावर उपकाराचे ओझे बसते. दात्याचा उत्साह ओसरला की त्याचे शिक्षणही अडते. त्याऐवजी वसतिगृहातील एक जागा चालवावी. तिच्यावर कोणाचे नाव नसावे. एका शाळेतील दहा शिक्षक, एका कचेरीतील दहा कारकून मिळून हे सहज करू शकतील. संस्थेने मात्र हिशेब दरवर्षी जाहीर मांडला पाहिजे.

आज खुर्चीवर बसलेल्यांपैकी अनेकजण एकेकाळी अशाच कोणा वसतिगृहाच्या पंगतीत जेवले आहेत. त्या ताटाचे ऋण फेडावयाचे तर पुढच्या मुलासाठी पान मांडले पाहिजे. याला दान म्हणण्याचेही कारण नाही.