आधी तपासणी, मग बूट

मा. संपादक,

‘जिना चढताना धाप लागते ती बैठ्या सवयीमुळे, चाला, आपोआप जाईल’ हे आपल्या रविवार पुरवणीतील विधान सरसकट खरे नाही. माझ्या धाकट्या बहिणीला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन आहे. पहिला मजला गाठेपर्यंत ती दोनदा कठड्याला धरून थांबते, भाजीची पिशवी पायरीवर टेकवते. तिला आळशी म्हणणारे घरातही होते.

लेखक म्हणतात, ‘बीपी नॉर्मल, मग काळजी कशाची?’ दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब निराळा. या आजारात फुप्फुसांतल्या बारीक धमन्या अरुंद होतात आणि तिथला दाब चढतो. विश्रांतीतही तो सरासरी २० मिलिमीटरच्या वर असला, तर वाढलेला धरतात. चालू लागले की शरीर जास्त रक्त मागते. हृदयाच्या उजव्या कप्प्याला ते त्या अडथळ्यातून ढकलता येत नाही. म्हणून धाप, कधी भोवळ. संशय इकोत येतो. निदान पक्के होते ते हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीने.

व्यायामाने फायदा होतो, एवढे मान्य. पण औषधे लागू पडून प्रकृती स्थिरावल्यावर आणि देखरेखीखाली. युरोपातील हृदयविकार व श्वसनविकार संघटनांची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. ‘दम लागेपर्यंत पळा’ हा सल्ला अशा रुग्णाला रस्त्यात आडवे करू शकतो.

धाप वाढत असेल, तर बुटांच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

– एक वाचक, सातारा