काडीवरचा केक आणि समोरचं दार



रमजान अर्ध्यावर आला की आमच्या घरात दोन याद्या होतात. एक शिरखुर्म्याची : शेवया, खारीक, चारोळी, पिस्ते, कोणाकडे किती शेर दूध सांगायचे ते. दुसरी यादी ईदच्या दिवशी कुठल्या दारात काय पाठवायचे त्याची. आम्ही दोघी जावा ही दुसरी यादी जास्त काळजीने करतो, कारण पहिलीत काही चुकले तर घरातलेच बोलतात, दुसरीत चुकले तर कोणीच बोलत नाही. न बोललेली चूक फार दिवस राहते.

या दुसऱ्या यादीत मुलांनी दोन-तीन वर्षांपासून एक नाव घुसवले आहे, केक पॉप. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केकचा चुरा मळून लिंबाएवढा लाडू वळायचा, त्यात काडी खोचायची, चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि वर नक्षी करायची. 2008 च्या सुमारास अमेरिकेतल्या अँजी डडली या बाईंनी ते करून दाखवले आणि जगभर पसरले. उरलेल्या केकचे गोळे करायची बेकऱ्यांची रीत मात्र जुनीच. आपल्याकडच्या बेकरीतले रम बॉल हे त्याचेच भाऊबंद, आणि नावातच सावध करणारे.

गेल्या ईदला आम्ही 40 केक पॉप केले. धाकटीच्या लेकीने प्रत्येकावर डोळे काढले, गाल रंगवले, आणि इमारतीतल्या प्रत्येक घरी स्वतः ताट घेऊन गेली. समोरच्या काकूंकडून ताट नेहमीप्रमाणे साखर घालून परत आले. सगळे छान झाले असे वाटले. दोन दिवसांनी जिन्यात काकूंचा नातू लेकीला म्हणाला, “ते तुमचे केक आजीने कामाच्या मावशींना दिले. त्यात अंडं असतं ना!”

लेक रडत घरी आली. तिला वाटले काकूंना आवडले नाहीत. आम्हाला मात्र आठवली त्याच्या आधीची दिवाळी. एका ओळखीच्या घरून देखणा चॉकलेटचा डबा आला होता. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचली तर आत दारू भरलेली चॉकलेटे. आम्हीही कोणाला काही न बोलता तो डबा बाजूला केला होता. म्हणजे काकूंनी जे केले तेच आम्हीही केले होते. देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून दोन्ही घरे गप्प बसली.

मोठी सरळ काकूंकडे गेली. “काकू, अंडं चालत नाही हे आम्हाला सांगायचं नाही का?”

“अगं, पोरगी एवढ्या हौसेने घेऊन आली, तिला कसं सांगायचं?” काकू म्हणाल्या. “आणि 20 वर्षांत मीही कधी विचारलं नाही, की तुम्हाला माझ्या फराळातलं काय चालतं आणि काय नाही.”

तेव्हापासून आमच्या घरी भेटवस्तूची सजावट काडीपासून सुरू होत नाही, केकपासून सुरू होते. वाटायचे केक पॉप आम्ही आता सगळेच बिनअंड्याचे करतो. वेगवेगळे दोन प्रकार केले की ताटात अदलाबदल होतेच. केक साधा दह्याचा : 1 वाटी दही, पाऊण वाटी साखर, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटे ठेवायचे. फेस आला की अर्धी वाटी तेल, दीड वाटी चाळलेला मैदा आणि थोडी वेलची. भट्टी नसली तर जाड कढईत मीठ तापवून झाकून भाजला तरी चालतो, कारण शेवटी त्याचा चुराच करायचा आहे. केक पूर्ण गार होऊ द्या. गरम केकचा चुरा चिकट होतो आणि गोळे काडीवरून घसरतात.

चुरा बांधायला परदेशी पाककृतींत बटर-क्रीम किंवा चीज असते. आमच्या रत्नागिरीच्या हवेत ते टिकत नाही. आम्ही कंडेन्स्ड मिल्क वापरतो, तेही थोडे थोडे. अर्धा किलो चुऱ्याला 100 ग्रॅमच्या आसपास पुरते. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाला ओल लागू नये, ही परीक्षा. एक गोळा 25 ते 30 ग्रॅमचा. त्याहून मोठा केला की मुलांना हौस वाटते, पण काडी तो पेलत नाही.

आता दुकानातून काय आणायचे ते. इथे आमच्या बहिणी फार घाई करतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की जिलेटिनची चिंता मिटते, कारण प्राण्यापासून काढलेले जिलेटिन असेल तर हिरवा ठिपका लावता येत नाही. अंडे असले तरीही नाही. पण दारूबद्दल हा ठिपका काही सांगत नाही. म्हणून इसेन्सची बाटली उलटी करून अल्कोहोल लिहिले आहे का ते वाचा. वरून फासायच्या चमकीच्या पातळ रंगातही ते असू शकते. परदेशातून नातेवाईक रंगीत दाणे आणतात, त्यांवर ठिपका नसतो. तिथे जिलेटिन हे नाव लिहिले आहे का ते वाचा, आणि 120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, 904 म्हणजे लाख, एवढे आकडे लक्षात ठेवा. काही शंका असली तर आपल्या आलिमांना विचारा. आम्ही शंका असलेले वाटपाच्या ताटात घालतच नाही. आमच्याकडे सजावटीला बारीक कातरलेले पिस्ते, सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि बडीशेपेच्या रंगीत गोळ्या असतात. चांदीचे कडक मणी आम्ही बंद केले. एका दादींचा दात थोडक्यात वाचला.

चॉकलेट दोन तऱ्हेचे मिळते. कोको बटर असलेल्याला ठरावीक अंशांवर तापवून, गार करून पुन्हा तापवावे लागते, नाहीतर वर पांढरे डाग येतात. कंपाउंड म्हणजे वनस्पती तुपावर केलेले. ते नुसते वितळवले की झाले. चव पहिल्याची चांगली यात वाद नाही. पण ईदच्या आदल्या रात्री घरात पाहुणे, ओट्यावर शेवया आणि हातावर मेंदी असताना कंपाउंडच बरे. 25-30 गोळ्यांना 400 ते 500 ग्रॅम लागते. गरम पाण्यावर भांडे ठेवून वितळवताना पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका. एका थेंबाने सगळे चॉकलेट दाणेदार गोळा होऊन बसते. केकचा नेहमीचा पातळ रंग घातला तरी तेच होते. चॉकलेटसाठी तेलात कालवलेला रंग मागून घ्या.

काडीचे टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचायचे आणि फ्रिजमध्ये 20 मिनिटे ठेवायचे. हे आधी बुडवणे म्हणजे डिंक. ते टाळले की गोळा भांड्यातच राहतो आणि काडी हातात. फ्रिजमधून काढल्याबरोबर गरम चॉकलेटमध्ये घालू नका, तडे जातात. पाच मिनिटे बाहेर ठेवा. सरळ खाली बुडवा, सरळ वर काढा, आणि मनगटावर हलकेच टिचक्या मारत जास्तीचे गळू द्या. पिस्ते, पाकळ्या लगेच लावा. मिनिटभराने ते चिकटत नाहीत.

नक्षीची कला तर आपल्या घरात आहेच. मेंदीचा कोन जसा वळता तसाच बटर पेपरचा नवा कोन वळा, पांढरे चॉकलेट भरा, टोक सुईएवढे कापा. चाँद रात्रीला हातावर जी बेल काढतो तीच बेल तपकिरी गोळ्यावर काढली की दुसऱ्या कुठल्याही सजावटीची गरज उरत नाही. चंद्रकोर हवी असेल तर बटर पेपरवर आधी काढून गार करून मग चिकटवा. एक गोष्ट मात्र आम्ही पाळतो. खाण्यावर किंवा वेष्टनावर अल्लाहचे नाव, आयत लिहीत नाही. कागद शेवटी कचऱ्यात जातो, पायाखाली येतो. “ईद मुबारक” पुरे.

सुकत ठेवायला सगळीकडे थर्माकोलचा ठोकळा दाखवतात. सजावटीचे थर्माकोल आणि कँडीच्या प्लास्टिक काड्या 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळायचे प्लास्टिकही त्याच यादीत आहे. काड्या कागदी घ्या. ठोकळ्याऐवजी अर्धा लाल भोपळा पालथा ठेवून त्यात विणायच्या सुईने भोके पाडा, किंवा स्टीलच्या उभ्या डब्यात तांदूळ भरून काड्या रोवा. बुटांचे खोके छान कागद लावून, वर भोके पाडून घेतले की दिवाणखान्यातही मांडता येते. रोजाकुशाईला, अकीक्याला मेजावर मांडायचे असतील तर काड्या जवळजवळ रोवू नका, चार बोटांचे अंतर ठेवा. मुले एक काढताना तीन पाडतात.

देण्यासाठी मात्र उभी मांडणी आम्ही सोडून दिली. त्याचे कारण कोल्हापूरची नणंद. तिच्यासाठी 12 केक पॉप उभे खोचून, वर जाळीचा कागद बांधून पाठवले. आंबा घाटातली वळणे आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. संध्याकाळी तिचा फोन आला : “भाभी, काड्या पोहोचल्या. गोळे खाली एकमेकांना सलाम करतायत.” आता लांबच्या प्रवासाला आम्ही काडीच घालत नाही. मिठाईच्या कागदी वाटीत एकेक गोळा, लाडूच्या खोक्यात एकच थर, मधल्या फटीत चुरगळलेला बटर पेपर. काडी गेल्याने नक्षी कुठे जात नाही. जवळपास द्यायचे असतील तर उलटे ठेवा, गोळा खाली वाटीत आणि काडी वर. मग काडीवर वजन येत नाही आणि धरायलाही सोपे.

फ्रिजमधून काढून लगेच उघडले तर आपल्या दमट हवेत चॉकलेटला घाम सुटतो आणि बडीशेपेच्या गोळ्यांचा रंग खाली उतरतो. म्हणून बंद खोक्यातच तासभर बाहेर ठेवून मग उघडायचे. ईद उन्हात आली तर वाटप दुपारी नको. नमाजनंतर सकाळीच आटपा.

काडीला बांधायला शिंप्याकडचा उरलेला गोटा, ओढणीची किनार पुरते. विकतची रिबन आणायची गरज नाही. आणि त्या गोट्यात अडकवायची चिठ्ठी. यंदाची चिठ्ठी धाकटीच्या लेकीने लिहिली आहे : “अंडे नाही. जिलेटिन नाही. दारू असलेला इसेन्स नाही. दूध, मैदा, पिस्ता आहे. चाँद रात्रीला केले. दोन दिवसांत खावे.” पिस्ता लिहायचा तिनेच आठवण करून दिला, तिच्या वर्गातल्या एका मुलाला सुकामेवा चालत नाही म्हणून. कोणी म्हणेल, भेटीवर असे रेशन कार्डासारखे काय लिहायचे? आम्हालाही आधी तसेच वाटले. पण ज्या घरी विचारायला संकोच होतो त्या घरी चिठ्ठीच विचारण्याचे काम वाचवते. त्या दिवशी कोणाचा उपवास असेल तर उद्यापर्यंत ठेवता येईल का, हेही तिला कळते.

ज्या बहिणी ऑर्डर घेऊन विकतात त्यांना तर ही चिठ्ठी लिहावीच लागते, आणि अन्नसुरक्षेची नोंदणीही करावी लागते. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी तरी.

परवा सरावाचे म्हणून 8 केले. सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा जुना रुमाल ताटावर घातला आणि लेकीला समोर पाठवले. ती जायला तयार नव्हती, दार उघडेपर्यंत मोठीच्या मागे उभी होती. काकूंनी चष्मा लावला, चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली आणि तिथेच उंबऱ्यात एक काडी उचलली. ताट काल परत आले. या वेळी साखर नव्हती, बेसनाचे लाडू होते, आणि वहीच्या पानावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी : “बेसन, साखर, घरचं तूप, वेलची. बाकी काही नाही.”