सर, जरा थांबा

दहावी-बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी डिप्लोमाच्या किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात पहिल्यांदा बसते, तेव्हा तिला कशाची गरज असते? पुस्तकं मिळतात, नोट्सची झेरॉक्स मिळते, मोबाइल तर आता बहुतेकींच्या हातात असतोच. तिला गरज असते ती सरांना मध्येच थांबवण्याची. सर ‘सी’ मधले पॉइंटर शिकवत असतात. भाषा इंग्रजी, वेग पोर्शन संपवण्याचा. एक वाक्य निसटतं आणि त्याच्या आधारावर उभी असलेली पुढची दहा वाक्यं नुसती कानावरून जातात. साठ-सत्तर जणांसमोर हात वर करून ‘सर, परत एकदा सांगा’ म्हणायला धीर लागतो. तो प्रश्न इंग्रजीत विचारायचा की मराठीत, इथेच ती अडते. तोवर तास संपतो.

कॉलेजांतल्या डिजिटल शिक्षणाचा विचार करताना मी या मुलीला डोळ्यांसमोर ठेवते. स्मार्ट बोर्ड आला, प्रोजेक्टर आला, गूगल क्लासरूम आली. यातल्या कशामुळे तिला सरांना थांबवता आलं? फळ्यावरचा मजकूर पडद्यावर गेला, पण शिकवण्याची रीत तीच राहिली. उलट स्लाइड पुढे सरकवायला क्षणही लागत नाही. खडू होता तेव्हा सर लिहीत असताना मुलांना विचार करायला जी फुरसत मिळायची, तीही गेली. वर्गखोल्या ‘आयसीटी’युक्त, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाने सज्ज आहेत का, हे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ पाहते, त्यामुळे कॉलेजं प्रोजेक्टर बसवतात आणि त्याची नोंदही चोख ठेवतात. पडद्यासमोर बसलेल्या मुलीच्या हाताला काय काम मिळालं, याची नोंद कुठे होताना मी पाहिलेली नाही.

दूरवरचा उत्तम शिक्षक लहान गावातल्या वर्गात आणायची धडपड आपल्याकडे जुनी आहे. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. पुणे विद्यापीठातलं माध्यम केंद्रही असे कार्यक्रम तयार करायचं. २००४ मध्ये इस्रोने खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला. हेतू चांगला होता, कार्यक्रमांत जीवही होता, पण टीव्हीवरचे सर तर वर्गातल्या सरांपेक्षाही थांबवायला कठीण. ते बोलून जायचे आणि दुपार संपायची.

खरा फरक पडला तो रेकॉर्ड केलेलं व्याख्यान विद्यार्थ्याच्या हातात आल्यावर. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा अशा व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयं’ हे सरकारी व्यासपीठ आलं, आणि आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक तिथून घेता येतात. अभ्यासक्रम फुकट, फक्त परीक्षेची फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. इंजिनिअरिंगच्या कितीतरी मुलांनी आपल्या कॉलेजात नसलेला शिक्षक तिथे मिळवला. हे मोठंच काम आहे. तरी आपली ती मुलगी तिथेही थोडी बाजूलाच राहते. व्याख्यान थांबवता येतं खरं, पण थांबवून करायचं काय, हे तिला कुणी सांगत नाही. ते मुख्यतः इंग्रजीत असतं. अर्धा तास नुसतं बघत बसलं की समजल्याचा भास होतो आणि रिकाम्या स्क्रीनसमोर बसल्यावर पहिली ओळही सुचत नाही.

म्हणूनच मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाबद्दल मला आज जरा सविस्तर लिहायचं आहे. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला, पैसा केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान विषयक शिक्षण अभियानातून आला. लिनक्स, सी, पायथन, लाटेक, सायलॅब, लिबरऑफिस अशी कुणालाही मोफत वापरता येणारी सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ असं त्याचं रूप आहे. त्यात शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. कॉम्प्युटरचा पडदा दिसतो आणि एक आवाज ऐकू येतो. आवाज सांगतो की ही फाइल उघडा, ही आज्ञा टाइप करा, आता एंटर दाबा. मग तो आवाजच म्हणतो की इथे व्हिडिओ थांबवा आणि तुम्ही करून बघा.

शिकायची रीतही ठरलेली आहे. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. आपली मुलगी ऐकते, थांबवते, टाइप करते. एक अर्धविराम राहून गेलेला असतो, म्हणून प्रोग्राम चालत नाही. ती व्हिडिओ अर्धा मिनिट मागे घेते, नीट बघते, राहिलेला अर्धविराम टाकते, आणि प्रोग्राम चालतो. तिची चूक तिच्याशिवाय कुणाला दिसलेली नसते. वर्गात तिचं तोंड बंद करणारी भीती इथे उरतच नाही. तरीही अडलंच तर व्हिडिओतल्या नेमक्या मिनिटावर आणि सेकंदावर बोट ठेवून प्रश्न विचारायची सोय आहे. अडलेली जागा अशी दाखवता आली की अर्धं काम होतं. ‘मला काहीच कळलं नाही’ म्हणणाऱ्या मुलीला कोणताही शिक्षक काय उत्तर देणार?

हे व्हिडिओ तयार कसे होतात, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. आधी संहिता लिहितात. मग ती त्या सॉफ्टवेअरची ओळखही नसलेल्या नवख्या माणसाकडे जाते. त्याला संहितेप्रमाणे एकेक पायरी करता आली, तरच रेकॉर्डिंग. तज्ज्ञाला जे ‘उघडच आहे’ म्हणून सांगायचं सुचत नाही, ते नवखा माणूस पकडतो. आपल्या किती पाठ्यपुस्तकांना अशा चाचणीतून जावं लागलं असेल? पहिल्या वर्षाच्या पुस्तकाची प्रकरणं छापण्याआधी बारावी झालेल्या दोन मुलांना वाचायला दिली, तरी निम्मी पानं बदलावी लागतील, असं मला खरोखर वाटतं.

आणि भाषा. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरित केलेला आहे, पडदा मात्र इंग्रजीच ठेवला आहे. हा निर्णय सगळ्यांना पटत नाही. मराठीचा आग्रह धरणारी माझी काही मित्रमंडळी म्हणतात की मेनूसुद्धा मराठीत हवेत. मलाही मराठी मेनू आवडतील. पण या मुलीला उद्या नोकरीच्या जागी जो पडदा दिसणार आहे, तोच तिला इथे दिसतो आणि त्यामागचा विचार तिला घरच्या भाषेत कळतो. विचार मराठीतून पक्का झाला की ‘फाइल’ आणि ‘एडिट’ हे शब्द तिला अडवत नाहीत. काही निवेदनं सपाट आहेत, काही व्हिडिओंतली सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी झाली आहे, हे खरं. तरीही याच साच्यात पुढे स्तनपान आणि बाळाच्या आहाराविषयीचे व्हिडिओ झाले, मराठीतही झाले. रीत भक्कम असली की ती विषय ओलांडून जाते.

‘स्पोकन ट्युटोरियल’चे हे व्हिडिओ इंटरनेटशिवाय चालतात, हेही सांगायला हवं. व्हिडिओ एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतले की झालं. २०२० च्या टाळेबंदीत आपण नेमकं उलटं केलं. थेट प्रक्षेपण, झूम आणि मीट, म्हणजे सलग रेंज असेल त्यालाच शिक्षण. कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसली, घरातला एकुलता एक फोन आधी भावाला आणि उरला तर बहिणीला मिळाला. रेंज गेली की तास गेला, मागे जाता येत नव्हतं. त्या दिवसांत ज्या शिक्षकांनी दहा-दहा मिनिटांचे आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यांनी मोठ्या यंत्रणांहून जास्त मुलं सांभाळली. त्यांचं नाव कुठल्या अहवालात आलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

त्या काळातली एक सवय मात्र चिकटली, ती पीडीएफची. वर्गाच्या ग्रुपवर पीडीएफ टाकली की शिकवून झालं, आणि ती डाउनलोड केली की शिकून झालं. परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर दुप्पट वेगाने अख्खं युनिट बघणारी मुलं मला भेटतात. दोष त्यांचा नाही. वर्षभर त्यांना थांबून करून बघायची जागाच मिळालेली नसते. फोनच्या पडद्यावर एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्राम मावत नाही. त्यासाठी कॉम्प्युटर लागतो, आणि तो बहुतेकींच्या घरी नाही. तो कॉलेजच्या लॅबमध्ये आहे.

लॅबची गोष्ट अशी की प्रॅक्टिकलचे तास संपले की तिला कुलूप लागतं. मशीन बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हा लॅब असिस्टंटचा प्रश्न खरा आहे. मुलींना गावाकडची एसटी गाठायची असते. चारची गाडी चुकली तर पुढची सहाची, आणि ती येईल याचा भरवसा नाही. विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी पाहिलं, तिथल्या प्राचार्यांनी डेपोत बसून गाड्यांच्या वेळा विचारून घेतल्या आणि लॅबची वेळ सकाळच्या पहिल्या गाडीला जोडली. साडेसातला आलेल्या मुली पहिला तास सुरू होईपर्यंत लॅबमध्ये बसू लागल्या. खर्च काहीच नाही. त्या लॅबमधली यंत्रं जुनी होती, पण मुलींच्या बोटांना सवय लागत होती.

आता एआय आलं आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि वर्षभरात सबमिशनच्या फायली एकसारख्या सुबक दिसू लागल्या. जर्नल पूर्वी सीनियरच्या जर्नलवरून उतरवायचे, आता यंत्राकडून उतरवतात. शिक्षकांचा यावरचा संताप मला समजतो, पण मी सरसकट बंदीच्या बाजूची नाही. कितीही वेळा ‘परत सांग’ म्हटलं तरी न चिडणारा, मराठीत विचारलं तरी न हसणारा शिक्षक त्या मुलीला पहिल्यांदाच मिळाला आहे. हे मी हलक्यात घेऊ शकत नाही. अडचण अशी की हा शिक्षक समजावूनही सांगतो आणि मागितलं तर प्रोग्राम स्वतःच लिहूनही देतो. रात्री अकरा वाजता, उद्या सबमिशन असताना, एकोणीस वर्षांची मुलगी यातलं काय मागेल? शिवाय तो चुकतो तेव्हाही तितक्याच ठाम सुरात चुकतो, आणि नवख्याला ते ओळखता येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातल्या मॅडमनी यावर जो उपाय काढला, तो मला फार आवडला. प्रोग्राम कुठूनही आण, म्हणतात, पण प्रॅक्टिकलला माझ्याशेजारी बसून चालवून दाखव. मग त्या त्यातली एक ओळ पुसतात आणि विचारतात, आता काय होईल? मुलगी अंदाज सांगते. मग दोघी मिळून चालवून बघतात. अंदाज चुकला तर का चुकला, यावर बोलतात. मार्क त्या बोलण्याला. फाइल कितीही सुबक असली, तरी काम स्वतः केलं आहे की नाही, हे दोन मिनिटांत लक्षात येतं. आणि ज्या मुलीने स्वतः धडपडून केलेलं असतं, तिला आपली धडपड मोजली गेली, हेही कळतं.

पण हे सगळं बोलणं धरून एका मुलीमागे सात-आठ मिनिटं जातात. वीस जणींची बॅच असली की दोन तासांचं प्रॅक्टिकल पुरत नाही. या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे जेवढे तास लागतील तेवढ्यांचेच पैसे. उरलेल्या मुलींसाठी त्या नंतर थांबतात, तो वेळ त्यांच्या बिलात कुठेच येत नाही, आणि त्या थांबल्या की दुसऱ्या कॉलेजातल्या त्यांच्या तासाला उशीर होतो. राज्यातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं असेच तासावर शिकवणारे असंख्य तरुण प्राध्यापक आहेत. डिजिटल शिक्षणाची पुढची तरतूद करताना यंत्रांच्या यादीच्या आधी लॅबमध्ये शेजारी बसण्याचा हा वेळ कामाचा तास म्हणून धरला जावा आणि त्याचे पैसे दिले जावेत, एवढीच माझी मागणी आहे. या मॅडमना पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात तास मिळतील की नाही, हेही अजून ठरलेलं नाही.