पंधरा खुर्च्या भरलेल्या, चव्वेचाळीस रिकाम्या



तालुक्याच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येते. "आपले पंधरा-वीस आमदार असते, तर भावासाठी रस्त्यावर बसायची वेळच आली नसती." बोलणारा पोटतिडकीने बोलतो, टाळ्याही पडतात. मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने मात्र मला सर्वांसमोर विचारले, "भाऊ, तुम्ही शिकले-सवरलेले. जगात कुठे असे शेतकऱ्यांचे पंधरा-वीस आले होते का निवडून? आले असतील तर त्यांनी काय केले?"

मला उत्तर देता आले नाही. कृषी महाविद्यालयात मला एकरी उत्पादन वाढवायला शिकवले; सभागृहातल्या खुर्च्यांचे गणित कोणी शिकवले नाही. घरी येऊन पुस्तके चाळली आणि उत्तर सापडले. आले होते. आयर्लंडात, १९२३ साली, नेमके पंधरा. जिल्हा मेळाव्यात निवडणुकीचा ठराव चर्चेला यायचा आहे. त्याआधी ही हकीकत सर्वांना ठाऊक असावी म्हणून लिहितो आहे.

आयर्लंड आपल्याला अगदीच परके नाही. 'बॉयकॉट' हा शब्द तिथल्या शेतकऱ्यांनी जगाला दिला. १८८० साली मेयो परगण्यात कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर बहिष्कार टाकला. त्याची पिके काढायला गावातला माणूस मिळेना. अशा लढ्यांतून पुढे कायदे झाले, विशेषतः १९०३ चा, आणि कुळे जमिनीची मालक होऊ लागली. जमिनीचा पैसा ब्रिटिश सरकारने जमीनदाराला आगाऊ दिला आणि शेतकऱ्याने तो वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडायचा, असे ठरले. हे हप्ते ध्यानात ठेवा, पुढे त्यांच्याशी काम आहे.

१९२२ साली आयर्लंडचा मोठा भाग स्वतंत्र राज्य झाला. पण इंग्लंडशी केलेल्या तहावरून देशभक्तांतच फूट पडली आणि यादवी युद्ध पेटले. जून १९२२ च्या निवडणुकीत तिथल्या लोकसभेत, म्हणजे डॉइलमध्ये, १२८ जागा होत्या. तहाच्या बाजूचे आणि विरोधातले अशा दोन गटांनी आपसात समझोता केला होता. तिसऱ्या कोणी मध्ये येऊ नये म्हणून उमेदवारांवर माघारीसाठी दबावही आला. तरी शेतकरी पक्षाचे ७ जण निवडून आले. यादवी संपल्यावर ऑगस्ट १९२३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. या वेळी १५३ जागा होत्या. कॉसग्रेव्ह यांच्या तहवादी सरकारी पक्षाला ६३, डी व्हॅलेरांच्या प्रजासत्ताकवाद्यांना ४४, शेतकरी पक्षाला १५, मजूर पक्षाला १४ आणि अपक्षांना १७.

शेकडा १२ मते आणि शेकडा १० जागा. आपल्याकडे लोकसभेला किंवा विधानसभेला शेकडा १२ मते राज्यभर विखुरली तर एखादी जागा पदरात पडेल की नाही याची शाश्वती नाही. तिथे हे जमले, कारण मतदानाची पद्धत वेगळी होती. एका मतदारसंघातून तीन ते नऊ जण निवडायचे आणि मतदाराने उमेदवारांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. आपल्याकडे राज्यसभेला आमदार असेच मत देतात, आणि पदवीधर मतदारसंघात आपणही देतो. सांगायचे एवढेच की खुर्च्यांची तक्रार करायला तिथे जागा नव्हती. न्याय्य वाटा मिळाला होता. मग पुढे झाले काय?

इथेच गंमत आहे. डॉइलमध्ये बसायचे तर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. प्रजासत्ताकवाद्यांनी ती नाकारली आणि त्यांच्या ४४ खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आता बेरीज करा. १५३ मधून ४४ गेले, उरले १०९. त्यात सरकारचे ६३. शेतकरी, मजूर आणि अपक्ष सगळे एक झाले तरी ४६. सरकारला कोणाचीच गरज नव्हती. तेच ४४ जण आत येऊन बसले असते तर सरकारच्या ६३ विरुद्ध इतर ९० झाले असते, आणि ६३ मध्ये १५ मिळवले की ७८, म्हणजे काठावरचे बहुमत. शेतकऱ्यांशिवाय सरकारचे पान हलले नसते. शेतकऱ्यांच्या १५ खुर्च्यांची किंमत दुसऱ्यांच्या ४४ रिकाम्या खुर्च्यांनी उतरवली. मायबहिणींनी आणखी एक नोंद घ्यावी. त्या निवडणुकीत पाच स्त्रिया निवडून आल्या. त्यांतल्या चार या बहिष्कार घालणाऱ्यांपैकी होत्या. सभागृहात प्रत्यक्ष बसली ती एकच.

पण सगळा दोष रिकाम्या खुर्च्यांवर टाकून चालणार नाही. शेतकरी पक्षाचे १५, मजूर पक्षाचे १४. तरीही विरोधी पक्षाचे काम कोणी केले? मजूर पक्षाने. थॉमस जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते चौदा जण दरेक विधेयकावर उभे राहिले. डेनिस गोरी यांचा शेतकरी पक्ष मात्र बहुतेक वेळा सरकारच्या बाजूने राहिला. सरकार टिकले पाहिजे, देशात शांतता पाहिजे, बाजार चालू पाहिजे, असा त्यांचा विचार. यादवीत होरपळलेल्या माणसाला तो चुकीचा वाटणार नाही. पण ज्याला मते न मागताच मिळतात, तो मतांची किंमत कशाला देईल?

दुसरी गोष्ट, पक्षात माणसे कोणती होती? १९२६ च्या जनगणनेत आयर्लंडातल्या निम्म्याहून अधिक कामकरी माणसांचे पोट शेतीवर होते. तरी शेतकऱ्यांच्या नावाच्या पक्षाला मते शेकडा १२. कारण उघड आहे. हा पक्ष मुख्यतः मोठ्या, बाजारासाठी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा होता. शेतमजूर मजूर पक्षाकडे गेला. १९२३ सालीच वॉटरफर्ड भागात शेतमजुरांचा मोठा संप झाला, त्यात मालक शेतकरी आणि मजूर समोरासमोर उभे राहिले. पश्चिमेच्या खडकाळ मुलखातला दोन-चार एकरांचा धनी डी व्हॅलेरांकडे गेला, कारण त्याला जमिनीचे वाटप हवे होते. गुरे इंग्लंडला विकणाऱ्याला खुला व्यापार हवा, धान्य पिकवणाऱ्याला परदेशी धान्यावर जकात हवी. एका पक्षात हे सगळे बसवायचे तर आधी आपसात बसून भांडण मिटवावे लागते. ते त्यांनी मिटवले नाही.

पक्षाची एक मोठी मागणी होती: सरकारी खर्च कमी करा, शेतकऱ्यावरचा कराचा बोजा उतरवा. मागणी रास्त होती. पण खर्च कोणता कमी करायचा हे मागणाऱ्याने सांगितले नाही तर सरकार आपल्या सोयीने ठरवते. १९२४ साली सरकारने काटकसर केली ती म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये. आठवड्याचे दहा शिलिंग होते, त्यातला एक कापला. आता त्या म्हाताऱ्यांतले निम्मे तरी खेड्यातलेच असणार ना?

शेतीमंत्री पॅट्रिक होगन यांच्याबद्दल मात्र एक कृषी पदवीधर म्हणून मला चांगलेच बोलावे लागेल. १९२४ साली लोणी आणि अंड्यांची प्रतवारी व तपासणी कायद्याने लावली, १९२५ साली वळूंच्या निवडीचा कायदा केला, १९२७ साली शेती कर्जाची संस्था काढली. कामाचा माणूस. पण त्यांच्या सगळ्या धोरणाचा पाया एकच होता: जास्त पिकवा, चांगले पिकवा, इंग्लंडला विका. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०-२१ मध्ये, शेतीमालाचे भाव कोसळले होते आणि भाव ठरत होता इंग्लंडच्या बाजारात. महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा मीही होगनसाहेबांसारखाच होतो. बियाणे सुधारा, खत द्या, सगळे ठीक होईल. माल सुधारला आणि भाव पडला, म्हणजे काय होते, ते मला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून कळले.

आता १९२७. जूनच्या निवडणुकीत सरकारी पक्ष ४७ वर घसरला. डी व्हॅलेरांच्या नव्या पक्षाला, फियाना फॉइलला, ४४ जागा मिळाल्या. मजूर पक्ष १४ वरून २२ वर गेला. शेतकरी पक्ष १५ वरून ११ वर आला. चार वर्षे बोलत राहिलेला वाढला, मान डोलावत राहिलेला घटला. पण नशीब बघा, जागा कमी झाल्या आणि किंमत वाढली, कारण ४७ वर आलेल्या सरकारला आता या अकरांची गरज होती. जुलैमध्ये मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स यांचा खून झाला. सरकारने कायदा आणला की शपथ घेणार नसाल तर उमेदवारी नाही. ऑगस्टमध्ये फियाना फॉइलवाले शपथेच्या वहीत सही करून आत आले. १६ ऑगस्टला अविश्वास ठराव. मते पडली ७१ विरुद्ध ७१. जॉन जिंक्स नावाचा एक विरोधी सभासद मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हता. सभापतींनी आपले मत सरकारला दिले आणि सरकार तरले.

शेतकरी पक्ष सरकारच्या बाजूने होता. एकेका मताला सोन्याचे मोल होते त्या दिवशी. भावाबद्दल, कर्जाबद्दल, कराबद्दल लेखी काही पदरात पाडून घेण्याचा याहून मोठा दिवस त्या पक्षाच्या आयुष्यात आला नाही. तो तसाच गेला. लगेच सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. सरकारी पक्ष ६२, शेतकरी पक्ष ६. गोरी आधीच सरकारी पक्षात गेले होते. नवे नेते मायकेल हेफरनन यांना सरकारात पद मिळाले. कोणत्या खात्यात? टपाल-तार खात्यात, मंत्र्याचे संसदीय सचिव म्हणून! गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला टपालाची पिशवी देऊन दारात बसवले. हेही सांगितले पाहिजे की मजूर पक्षसुद्धा त्या निवडणुकीत १३ वर आला आणि खुद्द जॉन्सन पडले. दोन मोठ्यांची झुंज लागली की मधले चिरडतात. पण मजूर पक्ष पक्ष म्हणून उरला. शेतकरी पक्ष विरघळला.

उरलेली गोष्ट थोडक्यात. १९३२ साली डी व्हॅलेरा सत्तेवर आले. जमिनीचे ते हप्ते, वर्षाला सुमारे ३० लाख पौंड, ब्रिटनला देणे त्यांनी बंद केले. ब्रिटनने आयर्लंडच्या गुराढोरांवर आणि शेतीमालावर २० टक्के जकात बसवली. गुरांचे भाव कोसळले. शेतकऱ्यांचा नवा पक्ष उभा राहिला आणि जानेवारी १९३३ मध्ये त्याचे ११ जण निवडून आले. पण १५३ पैकी ७७ डी व्हॅलेरांकडे, शिवाय मजूर पक्षाचे ८ त्यांच्या पाठीशी. सप्टेंबर १९३३ मध्ये हा पक्षही मोठ्या विरोधी पक्षात, फिने गेलमध्ये, मिसळून गेला. सरकारने शेतकऱ्याचा हप्ता निम्मा केला, गव्हाला हमी किंमत दिली, आणि दुसरीकडे वासरे कापायला कातड्यामागे दहा शिलिंग इनाम लावले. एका शेतकऱ्याच्या गव्हाला हमी, दुसऱ्याच्या वासराला सुरी. १९३८ साली ब्रिटनला एकरकमी एक कोटी पौंड देऊन हे भांडण मिटले. सहा वर्षे त्याची किंमत गोठ्यांनी मोजली.

म्हाताऱ्या कार्यकर्त्याला माझे उत्तर तयार आहे. आजोबा, पंधरा आले होते आणि त्यांच्या हातून काही झाले नाही, कारण पंधरा हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. उरलेले कुठे बसले आहेत, कोणाला तुमची गरज आहे आणि तुम्ही उठून जाऊ शकता हे समोरच्याला ठाऊक आहे की नाही, यावर सगळे आहे.

म्हणून मी ठरावाच्या विरोधात नाही. निवडणूक म्हणजे विटाळ, असे मी मानत नाही. पण ठराव तीन अटींसह व्हावा. एक, उमेदवार ठरवण्याआधी बागायतदार, कोरडवाहू आणि शेतमजूर एका सतरंजीवर बसून मजुरी आणि भाव दोन्हींवर लेखी समझोता करतील. दोन, निवडून आलेला कोणत्याही सरकारला पाठिंबा देईल तो मागणी कागदावर मान्य झाल्यावरच, आणि जिल्हा मेळाव्याला विचारल्याशिवाय पद घेणार नाही. तीन, आमदार आले म्हणून रस्त्यावरची ताकद मोडायची नाही. उलट ती असेल तरच आतल्याला किंमत आहे.

या अटी मान्य नसतील तर खुशाल टाळ्या वाजवा आणि पंधरा निवडून आणा. पण मग पाच वर्षांनी आपला नेता कोणत्या खात्यात दिसतो, याची चौकशी टपाल कचेरीत करावी लागेल. मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपले मत ठरवून यावे, आणि ते उभे राहून सांगावे.