मैदानावर हजेरीपट कशाला?



‘शाळेत न येणाऱ्यांना शालेय स्पर्धा नकोत’ हे एका वाचकाचे मत पटले नाही. शालेय स्पर्धांच्या प्रवेशअर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते. घरी शिकणारे मूल तिथेच अडते. शिस्तीची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी वयाचा दाखला आणि नियमित सराव पुरेसा आहे. मुंबईची मालविका जोशी घरीच शिकली, प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने भारतासाठी पदके मिळवली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतले. बारावीच्या प्रमाणपत्राअभावी आयआयटीचे दार मात्र बंदच राहिले. कबड्डीतही तेच करायचे का? आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे तर नाइलाजाने शाळेबाहेर पडतात. म्हणून राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळात नोंदलेल्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या निवड चाचणीत उतरू द्यावे.

– एक पालक, साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली)