चोर सोडून संन्याशाला...

"फावल्या वेळात काय करता?" या प्रश्नाला 'ट्रेकिंग' किंवा 'फोटोग्राफी' असं उत्तर दिलं की मंडळाच्या गणपतीत गप्पा सुरळीत पुढे सरकतात. 'किल्लीशिवाय कुलुपं उघडतो' असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग नकळत खिशातल्या किल्ल्या चाचपतो आणि शेवटी ठरलेली तीन वाक्यं ऐकवतो. "हे कायदेशीर आहे का?" "म्हणजे चोरांना आयतंच शिकवणं झालं!" आणि "पीएच.डी. करून हेच?" तिसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या दोन वाक्यांमागे मात्र एक गैरसमज आहे आणि तो निरुपद्रवी नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी यात करतात काय ते सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एखादं स्वस्त कुलूप घ्या. किल्ली जाते तिथे आत एक फिरणारा दंडगोल असतो. बाहेरच्या अंगातून त्या दंडगोलात उतरणारी चार-पाच भोकं असतात आणि प्रत्येक भोकात स्प्रिंगने दाबलेली पिनांची जोडी. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीतला सांधा बरोबर दंडगोलाच्या कडेवर येतो आणि तो फिरतो. कागदावर हे निर्दोष आहे, कारण कागदावर सगळी भोकं एका सरळ रेषेत असतात. कारखान्यात ती तशी पडत नाहीत. केसाच्या जाडीइतका का होईना, फरक राहतोच. त्यामुळे दंडगोलाला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती चाचपून शोधायची आणि हळूच वर उचलायची. बारीक 'टिक' होतं, दंडगोल जेमतेम जाणवेल इतका सरकतो आणि आता दुसरी अडकते. असं चार वेळा जमलं की कुलूप उघडतं. टॉलरन्स हा शब्द मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी पाठ केला होता, बोटांना तो या कुलुपांनी शिकवला.

चांगल्या कुलुपात भोकं जास्त काटेकोर असतात, शिवाय मधे खाच पाडलेल्या फसव्या पिना असतात. त्या खोटाच 'टिक' देऊन आपल्याला गंडवतात. गंमत म्हणजे यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. दुकानात आपण बघतो ते वजन आणि कडीची जाडी. भरभक्कम पोलादी अंग आणि आत चार साध्या पिना, हा माल वर्षानुवर्षं खपतो तो यामुळेच.

आता कायदा. या छंदातले लोक दोन नियम पाळतात. आपल्या मालकीचं नाही ते कुलूप उघडायचं नाही. आणि वापरातलं कुलूप, स्वतःचं असलं तरी, उघडायचं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही हत्यारं नुसती बाळगणं गुन्हा नाही, गुन्ह्याचा हेतू असेल तर आहे. काही राज्यं जास्त कडक आहेत, तेव्हा आधी आपल्या राज्याचा कायदा वाचा.

राहिला मुद्दा चोरांना शिकवण्याचा. हा आक्षेप निदान पावणेदोनशे वर्षं जुना आहे. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ए. सी. हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला तिथे गेला. त्याने चब कंपनीचं प्रसिद्ध कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामा कंपनीने दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून ठेवलेल्या कुलुपाला त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, आणि २०० गिनींचं बक्षीस त्याने घेतलं. तेव्हाही ओरड झाली की हे लोकांसमोर आणलंच कशाला? हॉब्जचं म्हणणं साधं होतं: चोरांना हे आधीच ठाऊक आहे, ठाऊक नाही ते मालकाला.

अलीकडचं उदाहरण घ्या. नळीसारखी गोल किल्ली लागणारी काही सायकलची कुलुपं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात, हे १९९२ सालीच एका ब्रिटिश सायकल मासिकात छापून आलं होतं. फारसं कोणी हललं नाही. २००४ साली तेच करतानाचे व्हिडिओ इंटरनेटवर फिरले आणि क्रिप्टोनाइट कंपनीने अशी कुलुपं फुकट बदलून द्यायची घोषणा केली. मधली बारा वर्षं गुपचूप बसून कोणाचं भलं झालं? सायकलवाल्यांचं तर नक्कीच नाही.

माझाही एक अनुभव सांगतो. आम्ही पूर्वी राहायचो तिथे अपार्टमेंटच्या ऑफिसने तळघरातल्या स्टोरेजसाठी सगळ्या भाडेकरूंना एकाच बनावटीची कुलुपं दिली होती. तसलीच दोन विकत आणून मी घरी उघडून पाहिली. मिनिटभरही लागलं नाही. ऑफिसला रीतसर पत्र लिहिलं. चार दिवसांनी दारादारांवर नोटीस लागली की कुलुपांशी छेडछाड करणारा कोणी भाडेकरू आढळल्यास ताबडतोब कळवावे! कुलुपं मात्र आम्ही घर सोडलं तेव्हाही तीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शेजारच्या कुटुंबाला मी तोंडी सांगितलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी कागदपत्रं आणि लग्नातली चांदीची भांडी वर घरात आणली. कुलूप बदललं नव्हतं, तरी त्यांच्या वस्तू सुरक्षित झाल्या, कारण त्यांना खरं काय ते कळलं होतं.

बरं, चोर काही पिना चाचपत बसत नाही. तो बोल्ट कटर आणतो आणि कडी तोडून मोकळा होतो. मग हे ज्ञान लपवून आपण नेमकं कोणाला वाचवतो? मला दिसतो तो फक्त वाईट कुलुपं विकणारा.

गावाला निघताना कुलूप तीनतीनदा ओढून बघायची आपल्या घराघरांत सवय आहे. सवय चांगलीच आहे, पण त्यातून कडी अडकलीय एवढंच कळतं. एकदा दोन स्वस्त कुलुपं आणून त्यांच्याशी शनिवारची दुपार घालवा. मुलांनाही बसवा शेजारी. बिघडणार काहीच नाहीत, फार तर पुढचं कुलूप घेताना दुकानदाराला नको ते प्रश्न विचारतील.