उपाशी ठेवून भूक येत नाही



‘अ‍ॅनोरेक्सिया (खाणं टाळण्याचा मानसिक आजार) हे खात्यापित्या घरच्या पोरींचं खूळ, दोन दिवस विचारू नका, झक मारत जेवतील’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. आमच्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात थालीपिठाचा चुरा करून वाटीखाली दडवणारी मुलगी मी पाहिली आहे. समोर बसलेल्या आईला पत्ताही नव्हता.

दिल्लीच्याच ‘एम्स’मधील डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. खाणं सुटलेलं, वजन घसरलेलं, पाळी बंद; पण स्वतःच्या शरीराविषयीचा ‘मी जाड आहे’ हा ठरावीक विकृत समज नव्हता. मग फॅशनच्या नावानं बोटं कशी मोडायची?

किशोरवयीन मुलींसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आलेली कुटुंबाधारित उपचारपद्धत आज सर्वांत भरवशाची मानतात. आधी आईवडील प्रत्येक जेवणाची सूत्रं हाती घेतात. वजन सावरलं की ती हळूहळू मुलीकडे सोपवतात. आईला बोल लावणं त्यात बसत नाही (आपल्याकडे तेच आधी होतं!). मात्र फार खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपेट वाढू नये. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय दगा देऊ शकतं. तिथे रुग्णालयच हवं.

पालकांनो, टोमणे आवरा, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

— एक वाचक, नवी दिल्ली